फिलिपिन्सच्या प्रांतांतले चित्रकार : पारख आणि खरेदी

फिलिपिन्सचे नाव घेतले की आपल्या व्यापारी बंधूंना दोन गोष्टी आठवतात. एक मनिला दोर, जो पूर्वी प्रत्येक गोदीवर दिसे. आणि दुसरी, आखाती देशांतील दुकानांतून व इस्पितळांतून आपल्या मुलांबरोबर काम करणारी फिलिपिनो माणसे. त्या देशात चित्रे काढणारी गावेच्या गावे आहेत, ती विकत घेणारा मोठा शौकीन वर्ग आहे, आणि त्या बाजारात बोहनीपासून हप्त्यापर्यंतचे सारे व्यवहार आपल्या पेठेसारखे चालतात, ही माहिती मात्र फारशी कोणाला नसते. आमचा धंदा कापडाचा. चित्रकलेचे शिक्षण आम्ही घेतलेले नाही. उर्दू शाळेत खुशखती घोटली, तेवढाच काय तो कलेशी संबंध. तरीही या पानावर चित्रांविषयी लिहायचे धाडस करतो, कारण चित्र शेवटी कापडावर निघते, आणि कापड आम्हांला कळते.

मनिलाच्या दिविसोरिया बाजारात आमचा काही माल जात असे. तो बाजार म्हणजे आपली मंगलदास मार्केट आणि मनीष मार्केट एकत्र केल्यासारखा. वसुलीच्या निमित्ताने त्या देशात जाणे झाले, आणि वसुलीला वेळ लागला की माणूस इकडेतिकडे फिरतो. त्या फिरण्यातून हा शौक लागला.

हिंदुस्थानचे कापड मनिलाला जाणे ही काही नवी गोष्ट नव्हे. स्पेनचे राज्य असताना १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षे मनिलाहून मेक्सिकोच्या अकापुल्को बंदरापर्यंत गलबते चालत, आणि त्यांच्या मालात चिनी रेशमाबरोबर कोरोमंडल किनाऱ्याचे व बंगालचे सुती कापडही असे. पण आमच्या मनात घर करून बसली ती त्यानंतरची एक हकीकत. दामियान दोमिंगो नावाचा चित्रकार मनिलात होऊन गेला. १८२० च्या दशकात त्याने तिथे चित्रकलेची शाळा चालवली; फिलिपिनो चित्रकारांत सर्वांत आधीच्या उस्तादांत त्याची गणना होते. त्याने मनिलाच्या आणि प्रांतोप्रांतीच्या लोकांचे पोशाख दाखवणाऱ्या जलरंगातील चित्रांचा एक संग्रह केला. तो करवून घेतला कोणी? राफाएल दानिएल बाबून नावाच्या कापडाच्या व्यापाऱ्याने. संग्रहाच्या मुखपृष्ठावर कल्पना बाबूनची आणि चित्रे दोमिंगोची असे दोघांचेही नाव आहे. हा संग्रह आज अमेरिकेत शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयात जपून ठेवलेला आहे.

आम्ही त्या चित्रांच्या छापील नकला पाहिल्या तेव्हा हसू आले. कोणत्या प्रांतातली बाई कोणत्या पट्ट्याचे लुगडे नेसते, कोणत्या हुद्द्याचा माणूस किती तलम कुडता घालतो, चौकडा किती बारीक, काठ किती रुंद, सगळे असे टिपले आहे की कोणत्याही कापडवाल्याने ओळखावे, हे तर नमुन्याचे पुस्तक! अननसाच्या धाग्याचे पिन्या नावाचे पारदर्शक कापड त्याने कागदावर असे रंगवले आहे की आतल्या कपड्याची कड त्यातून दिसते. विद्वान मंडळी या चित्रांना लोकजीवनाचा दस्तऐवज म्हणतात. ते खरेच आहे. पण ती निघाली एका व्यापाऱ्याच्या गरजेतून, हे आपण लोकांनी विसरू नये. पुढे होसे ओनोराटो लोसानो नावाच्या चित्रकाराने तर गिऱ्हाइकाच्या नावाचीच चित्रे केली. नावातले एकेक अक्षर माणसे, होड्या, झाडे, गाड्या यांनी बनवायचे आणि मागे मनिलाचा देखावा काढायचा. आपल्याकडे तुघऱ्यात नाव गुंफतात, त्याचीच ही बहीण म्हणा.

आता मुद्द्याकडे येतो. फिलिपिनो चित्रांचा बाजार मनिलात, आणि मनिलातही मकाती या श्रीमंत भागात, एकवटलेला आहे. तिथे २०१० साली सुरू झालेली लिलावघरे आहेत, २०१३ पासून भरणारी मोठी चित्रजत्रा आहे. होसे होया या चित्रकाराचे एक चित्र २०१८ साली मनिलाच्या लिलावात ११ कोटी पेसोंच्या वर गेले. त्याआधी २०११ साली रोनाल्ड व्हेन्तुरा या तेव्हा तरुण असलेल्या चित्रकाराचे चित्र हाँगकाँगला ११ लाख डॉलरांच्या आसपास विकले गेले. हे आकडे वृत्तपत्रांत झळकतात आणि लोकांना वाटते, फिलिपिनो चित्रकार म्हणजे कोट्यधीश. प्रत्यक्षात तो देश हजारो बेटांचा आहे, आणि बहुतेक चित्रकार मनिलाच्या बाहेर, आपापल्या गावी, शाळेत शिकवून किंवा पाट्या रंगवून पोट भरत चित्रे काढतात. आम्हांला गोडी लागली ती या प्रांतांतल्या मंडळींची.

प्रांतातले चित्र काय असते हे पाहायचे तर उत्तरेला विगान गावी जावे. तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयात एस्तेबान व्हियानुएव्हा याने १८२१ साली काढलेली १४ चित्रे आहेत. उसाच्या रसापासून होणाऱ्या बासी नावाच्या मद्यावर स्पॅनिश सरकारने मक्तेदारी बसवली, लोकांना घरी करायची मनाई केली, म्हणून १८०७ साली तिकडे उठाव झाला. तो उठाव, लढाई, धरपकड आणि शेवटी फाशी, असा सारा क्रम या चित्रांत आहे. दूरचा माणूस लहान आणि जवळचा मोठा हा चित्रशाळेतला नियम या चित्रकाराला ठाऊक नव्हता किंवा त्याने मानला नाही. सैनिक मुंग्यांसारखे ओळीने उभे आहेत. आकाशात शेपटीचा तारा आहे; १८०७ साली खरोखरच एक मोठा धूमकेतू दिसला होता. मनिलाच्या शाळेत शिकलेल्या माणसाने ही चित्रे सुबक केली असती, पण मग ती आपण पाहिली नसती.

मनिलाहून पूर्वेला, सरोवराच्या काठी आंगोनो नावाचे गाव आहे. गाडीने दीड-दोन तास, रहदारी असली तर त्याहून जास्त, आणि रहदारी असतेच. कार्लोस फ्रान्सिस्को, ज्यांना सारा देश बोतोंग म्हणून ओळखतो, ते इथले. जन्म १९१२, मृत्यू १९६९. मोठमोठी कामे मनिलाची मिळाली, पण त्यांनी गाव सोडले नाही. मनिलाच्या नगरभवनासाठी त्यांनी देशाचा सारा इतिहास प्रचंड पटांवर रंगवला. तो आता राष्ट्रीय संग्रहालयात आहे. सरकारी इस्पितळासाठी १९५३ साली काढलेले वैद्यकाच्या इतिहासाचे चार पटही तिथेच आणून ठेवले आहेत. १९७३ साली, मरणोत्तर, त्यांना राष्ट्रीय कलावंत हा देशाचा सर्वोच्च किताब मिळाला.

बोतोंग यांचे चित्र ओळखायला सोपे. त्यात रिकामी जागा नसते. माणसे, झेंडे, होड्या, धूर, ढग सारे एका लाटेसारखे डावीकडून उजवीकडे वाहत जाते, आणि रंग जत्रेतल्या कागदी फुलांसारखे. गावातली नोव्हेंबरची जत्रा, तिच्यातले उंच कागदी पुतळे, सरोवरातली मासेमारी हे सगळे त्यांनी लहानपणापासून पाहिलेले होते. १९६५ साली जवळच्या डोंगरात मुलांना सहलीला नेले असताना खडकावर कोरलेल्या पुरातन आकृत्या त्यांनाच प्रथम नजरेस पडल्या, ही गोष्ट गावातली मंडळी अजून अभिमानाने सांगतात.

पण आमच्यासारख्या कारागिरांच्या समाजातल्या माणसाला आंगोनोत जे पाहून समाधान वाटले ते निराळेच. तिथे चित्रकलेचे घराणे असते. होसे ब्लांको, ज्यांना पितोक म्हणत, हे बोतोंग यांच्या तालमीत तयार झाले. त्यांनी पत्नीला ब्रश धरायला शिकवले, सातही मुलांना शिकवले, आणि नऊजणांचे कुटुंब चित्रकार झाले. त्यांचे स्वतःचे संग्रहालय गावात आहे. पितोक २००८ साली वारले. त्यांच्या मोठ्या चित्रांत गावच्या मिरवणुकीतला एकेक चेहरा खऱ्या माणसाचा आहे, टोपलीतल्या माशाचा खवलाही मोजून घ्यावा. बापाने मुलाला माग शिकवावा, आईने कांडी भरायला शिकवावे, असे चाललेले विणकरांचे घर ज्याने आतून पाहिले आहे त्याला हे नवल वाटणार नाही. फरक इतकाच की आपल्याकडे आता विणकराचा मुलगा मागावर बसायला तयार नाही, आणि तिकडे चित्रकाराची नातवंडेही रंगाचे डबे उघडीत आहेत. असे का, याचे कारण आमच्या मते भाव हे आहे. ज्या हुनराला भाव मिळतो तो हुनर घरात टिकतो.

सेबू बेटावर कारकार नावाचे गाव जोडे बनवण्यासाठी प्रसिद्ध आहे. मार्तिनो आबेयाना तिथले. मनिलाला जाऊन फेर्नांदो आमोर्सोलो या त्या काळच्या सर्वांत नावाजलेल्या उस्तादाकडे शिकले आणि सेबूला परतले. त्यांना दक्षिणेचा आमोर्सोलो म्हणतात. आम्हांला हे नाव फारसे आवडत नाही. माणसाचे काम स्वतःच्या नावाने ओळखले जावे. आमोर्सोलोच्या चित्रांतले ऊन सोन्यासारखे असते, भात कापणाऱ्या बायकाही लग्नाला निघाल्यासारख्या हसऱ्या. आबेयानांचे ऊन जास्त थकलेले आहे, दुपारचे आहे, आणि माणसे ओळखीची आहेत. ते १९८८ साली वारले, पण त्यांच्या शागिर्दांची पिढी, ज्यात त्याच गावचे रोमुलो गालिकानो हे मोठे नाव, अजून त्या नजरेने पाहते.

आता नेग्रोस बेटाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण ते आपल्या वाचकांना सर्वांत जवळचे वाटेल. नेग्रोस म्हणजे साखरेचे बेट. मैलोन्‌मैल ऊस. जमीन थोड्या कुटुंबांकडे, आणि ऊस तोडायला शेजारच्या पनाय बेटावरच्या अंतिके प्रांतातून मजूर येतात, त्यांना साकादा म्हणतात. ठेकेदार गावी जाऊन आगाऊ रक्कम देतो, मजूर हंगामभर ती फेडतो, हंगाम संपला की हातात फारसे काही उरत नाही, आणि मग पावसाळ्यात काम नसलेले ते उपाशी महिने येतात ज्यांना तिकडे मेलेला काळ असेच म्हणतात. हे वाचून बीड, आष्टी, पाटोद्याकडचा कोणीही म्हणेल, हा तर आमचा मुकादम, ही आमची उचल आणि हा आमचाच कोयता! खरोखर तसेच आहे.

१९८४-८५ साली साखरेचा जागतिक भाव कोसळला. मालकांनी ऊस लावायचे थांबवले आणि नेग्रोसमध्ये मुले उपासमारीने मरू लागली. सप्टेंबर १९८५ मध्ये एस्कलांते गावी निदर्शने करणाऱ्यांवर गोळीबार होऊन वीसजण ठार झाले. या काळातून जी चित्रकार मंडळी तयार झाली त्यांनी १९८६ साली बाकोलोड शहरात ब्लॅक आर्टिस्ट्स इन एशिया नावाचा गट काढला. १९९० साली याच मंडळींच्या पुढाकाराने विसाया बेटांवरच्या चित्रकारांचे संमेलन व प्रदर्शन सुरू झाले. ते दर दोन वर्षांनी वेगवेगळ्या बेटावर भरते. मनिलाने बोलावण्याची वाट न पाहता प्रांतांनी आपसांत भेटायचे ठरवले, हे त्यातले विशेष.

यांच्यातले नुनेलुसियो आल्वारादो, जन्म १९५०, सागाय गावचे. त्यांचे चित्र पहिल्यांदा पाहिले तेव्हा आम्हांला ते घरात लावावेसे वाटले नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. काळी-निळी-हिरवी कातडी, ताटलीएवढे डोळे, पंजे अंगापेक्षा मोठे, हातात कोयता, आणि चारही बाजूंनी उसाची पाती टोचत असलेली. पण ते चित्र डोक्यातून जाईना. आम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. तेव्हा लक्षात आले की त्या पात्यांची, कपड्यांवरच्या ठिगळांची आणि बोटांची सारी रचना विणलेल्या कापडासारखी आहे. एक धागा ओढला तर सगळे उसवेल अशी घट्ट. ती माणसे भीक मागत नाहीत, सरळ आपल्याकडे पाहतात. पाहणाऱ्यालाच नजर खाली करावी लागते.

यात एक गंमत आहे, आणि कडवटपणाही. अशी चित्रे विकत घेणार कोण? मजूर तर घेणार नाही. ती जाऊन लागतात ती उसाच्या पैशावर वाढलेल्या दिवाणखान्यांतही. यावर कोणी म्हणतात की मग त्या चित्रांचा उपयोग काय. आम्हांला तसे वाटत नाही. चित्रकाराला जगायचे आहे आणि रंगाला पैसे पडतात. गिऱ्हाइकाने पैसे दिले म्हणून चित्रातल्या माणसाचे डोळे लहान झाले नाहीत, एवढे पुरे. याच बेटावर व्हिक्टोरियासच्या साखर कारखान्यात कामगारांच्या प्रार्थनाघराची भिंत १९५० साली आल्फोन्सो ओसोरियो यांनी रंगवली आहे. हे कारखान्याच्या मालकाचेच चिरंजीव. त्यांनी क्रुद्ध मुद्रेचा येशू काढला, लाल-पिवळ्या ज्वाळांसारखा. लोकांना तो पसंत पडायला बराच काळ जावा लागला. आज तो पाहायला परदेशातून माणसे येतात.

बाकोलोडमध्ये व्यापारी वर्गाने काय केले हेही सांगण्यासारखे आहे. चार्ली को, जन्म १९६०, या चित्रकाराने २००५ साली तिथे ऑरेंज नावाची गॅलरी काढली. लोपुएज हे तिथले जुने मोठे दुकान. त्यांच्या मंडालागान भागातल्या आवारात आज भिंतीभिंतींवर चित्रे आहेत, चित्रकारांच्या खोल्या आहेत, गॅलरी आहे, आणि खाली माणसे जेवायला व खरेदीला येतात. दुकानदाराच्या आवारातली पडीक जागा आणि चित्रकाराची मेहनत, यांतून शहराला एक नवी पेठ मिळाली. आपल्या गावागावांतल्या बंद पडलेल्या गिरण्यांच्या आवारांकडे पाहून आम्हांला हे हटकून आठवते.

बागियो या डोंगरावरच्या थंड शहरातही चित्रकारांची मोठी वस्ती आहे. १९८७ साली त्यांनी आपली संघटना केली. बेनकॅब या नावाने प्रसिद्ध असलेले बेनेदिक्तो काब्रेरा यांचे २००९ साली उघडलेले संग्रहालय जवळच आहे. आम्हांला तिथे जॉर्डन मांगओसान यांचे काम अजब वाटले. ते फळी उन्हात धरतात आणि भिंगाने सूर्यकिरण एकवटून लाकूड जाळीत जाळीत चित्र काढतात. ढग आला की काम बंद. मिंडानाओच्या बुकिदनोन प्रांतात तालाआंदिग जमातीचे चित्रकार बाजारचा रंग न वापरता आपल्याच डोंगरांतल्या निरनिराळ्या मातीने रंगवतात. एकट्या मातीत किती छटा असू शकतात हे तिथेच कळते.

आता एक प्रश्न, जो आमच्या परिचितांनी आम्हांला अनेकदा विचारला आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी जिवंत प्राण्यांची चित्रे भिंतीवर लावीत नाहीत. त्यांनी या शौकात पडू नये काय? त्यांच्यासाठी दक्षिणेचा मार्ग खुला आहे. मिंडानाओ आणि सुलू द्वीपसमूहात मुसलमान वस्ती मोठी आहे. तिथल्या लाकडी कोरीव कामात आणि कापडात वेलबुट्टीची एक फार जुनी पद्धत चालत आलेली आहे. मारानाओ लोक तिला ओकिर म्हणतात, तौसुग लोक उक्किल. पान, कोंब, वळलेला देठ, एकातून दुसरे निघत जाणारे. याच मातीत १९३६ साली सुलूच्या सियासी बेटावर अब्दुलमारी आशिया इमाओ जन्मले. शिल्पकार, चित्रकार, पितळेचे ओतकाम आणि भाजलेल्या मातीचे काम करणारे. मनिला आणि अमेरिकेत शिकून त्यांनी उक्किलची वेल आधुनिक चित्रात आणि शिल्पात आणली. चोचीत मासा धरलेला सारिमानोक हा कथेतला पक्षी देशभर ओळखीचा करण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. २००६ साली ते राष्ट्रीय कलावंत झाले; हा मान मिळवणारे ते पहिले मुसलमान. २०१४ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्यानंतरची तौसुग आणि मारानाओ चित्रकार मंडळी आज केवळ वेलीची, रंगांची, पालांच्या होड्यांची आणि कापडाच्या नक्षीची चित्रे काढतात. तौसुगांच्या पिस स्याबित या डोक्याच्या रुमालावर जी चौकटींची भूमिती असते ती पाहून तर आम्ही थक्क झालो. विणकराने ती कागदावर न आखता डोक्यात ठेवून विणलेली असते.

आता खरेदीचा व्यवहार. फिलिपिन्सच्या बाजारात सुकी नावाचे एक नाते आहे. ठरलेला दुकानदार आणि ठरलेले गिऱ्हाईक एकमेकांचे सुकी असतात. एक भाव सांभाळतो, दुसरा दुकान बदलत नाही. सकाळच्या पहिल्या विक्रीला ते बुएना मानो म्हणतात आणि आलेली नोट मालावर आपटून बरकत मागतात. आपली बोहनी जशीच्या तशी! चित्रांच्या बाजारातही सुकी चालतो. ज्या चित्रकाराची दोन-तीन चित्रे तुम्ही घेतली, तो पुढचे चांगले काम तुम्हांला आधी दाखवतो. गॅलऱ्या ओळखीच्या गिऱ्हाइकाला हप्ते देतात. त्याला तिकडे इंग्रजीतून गिव्ह्ज म्हणतात, म्हणजे तीन गिव्ह्ज म्हणजे तीन हप्ते. शाळामास्तर आणि डॉक्टरही या रीतीने चित्रे घेतात, म्हणून तो बाजार केवळ धनिकांचा राहिलेला नाही.

गॅलरी विक्रीच्या रकमेतून सहसा तीस-चाळीस टक्के, कधी निम्मेही घेते. हे ऐकून आपला माणूस लगेच हिशेब करतो की थेट चित्रकाराच्या घरी जाऊन चाळीस टक्के कमीने घेऊ. हे करू नये. चित्रकार कोणत्या गॅलरीशी बांधलेला असेल तर त्याचा भाव मोडल्याने नुकसान त्याचेच होते, आणि उद्या तुमच्याजवळच्या चित्राचाही भाव तोच ठरतो. जो कोणाशी बांधलेला नाही त्याच्या घरी जरूर जा, पण तिथे दिविसोरियासारखी घासाघीस करू नका. काही दलाल प्रांतांतल्या गरजू चित्रकाराला आगाऊ पैसे देऊन वर्षभराची चित्रे गठ्ठ्याने उचलतात आणि मनिलात एकेक करून विकतात. उचलीचा हा धंदा आपल्या मागवाल्यांनी फार भोगलेला आहे. त्यात आपण तरी पडू नये.

पारख कशी करावी? आमची रीत कापडवाल्याची आहे : आधी उलटून पाहावे. मनिलात एका दुकानात आम्हांला सत्तर वर्षांपूर्वीचे म्हणून एक भातकापणीचे चित्र दाखवले, कोपऱ्यात मोठे नाव. समोरून सुंदर होते. मागे पाहिले तर कापड चहाने रंगवल्यासारखे सगळीकडे सारखेच पिवळे. खऱ्या जुन्या कापडाचा रंग असा एकसारखा उतरत नाही. चौकटीच्या लाकडाखाली ते उजळ राहते, खिळ्याभोवती गंजाचा डाग पसरतो, दमट हवेत खालची कड आधी काळवंडते. शिवाय त्या कापडाचा धागा आजच्या यंत्रमागाचा, एकसारखा पिळाचा. आम्ही सलाम करून बाहेर पडलो. लढाईनंतरच्या टंचाईत पुष्कळ चित्रकारांनी पिठाच्या पोत्याच्या कापडावर, ज्याला तिकडे कात्सा म्हणतात, चित्रे काढली. ते कापड मागून पाहिले की लगेच ओळखू येते. आमोर्सोलोंच्या नावाच्या नकली चित्रांनी तो बाजार गेली कित्येक वर्षे भरलेला आहे, तेव्हा थोर मृतांच्या नावापासून नवख्याने दूर राहावे. हयात चित्रकाराचे चित्र घ्यावे, त्याच्या सहीचा दाखला घ्यावा, आणि चित्रासह त्याचा फोटो काढून घ्यावा. दाखल्यावर चित्राचे नाव, माप, साल आणि कशावर कशाने काढले हे लिहिलेले असावे.

कागदपत्रांच्या दोन बाबी ध्यानात ठेवाव्यात. फिलिपिन्सच्या १९९७ च्या बौद्धिक संपदा कायद्याप्रमाणे चित्रकाराने चित्र एकदा विकल्यानंतर ते जितक्या वेळा पुन्हा विकले जाईल, तितक्या वेळा एकूण रकमेच्या ५ टक्के चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना मिळण्याचा हक्क आहे. तो त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ५० वर्षे राहतो. आपल्याकडेही १९९४ च्या दुरुस्तीने प्रताधिकार कायद्यात अशी तरतूद आली आहे. दहा हजार रुपयांवरच्या फेरविक्रीला ती लागू होते आणि हिस्सा १० टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. दोन्ही देशांत कागदावरचा हक्क हातात पडायला त्रास होतो. आम्ही मात्र एका चित्राची फेरविक्री केली तेव्हा चित्रकाराच्या विधवेला पाच टक्के पोचते केले, आणि तिने परत पाठवलेल्या पावतीवर कुटुंबातल्या सर्वांच्या सह्या होत्या.

दुसरी बाब देशाबाहेर नेण्याची. २००९ च्या वारसा कायद्याखाली राष्ट्रीय ठेवा मानलेल्या कलाकृती परवान्याशिवाय बाहेर नेता येत नाहीत. जसे आपल्याकडे राजा रविवर्मा किंवा अमृता शेर-गिल यांची चित्रे नेता येत नाहीत. हयात, तरुण चित्रकाराच्या कामाला सहसा अडचण येत नाही, तरी चित्र जुने असेल किंवा चित्रकार राष्ट्रीय कलावंत असेल तर मनिलाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आधी चौकशी करावी आणि विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. इकडे जकातीसाठी बिलावर खरी रक्कम लिहून घ्यावी. कमी रकमेचे बिल आज दोन पैसे वाचवते आणि विकायच्या वेळी खरेदीचा पुरावाच राहत नाही.

आणताना चित्र चौकटीतून सोडवून गुंडाळले तर रंगाची बाजू बाहेर ठेवावी, आत ठेवली की रंगाला सुरकुत्या पडून तो तडकतो. नळी जितकी जाड तितकी चांगली. आम्ही कापडाच्या ठाणाचीच पुठ्ठ्याची नळी वापरतो. मध्ये मऊ, कोरा कागद घालावा, वर्तमानपत्र नको, शाई उठते. मुंबई-कोकणची हवा आणि तिकडची हवा सारखीच दमट असल्याने बुरशी आणि वाळवी हे दोन्हीकडचे शत्रू एकच आहेत. चित्र बाहेरच्या भिंतीला टेकवून लावू नये, मागे बुचाचे चार तुकडे चिकटवून बोटभर फट ठेवावी, आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा उतरवून मागची बाजू कोरड्या, मऊ कापडाने पुसावी. त्यासाठी जुन्या मलमलीचा तुकडा सर्वांत उत्तम.